शाळेचा निरोप येतो, पोराची खबर येत नाही

शाळा सुरू होऊन आता महिना होत आला, विदर्भातल्या शाळा उन्हामुळे नेहमीप्रमाणे जरा उशिरा उघडल्या, तरी तिथलीही वह्यांना कव्हरं घालून झाली असतील. यावेळी पत्रं खूप आली आणि बहुतेक सगळी एकाच दुखण्याची. पालक म्हणतात शाळा काही सांगत नाही, शिक्षक म्हणतात पालक येत नाहीत. मी प्राथमिकला बाई म्हणून लागले आणि आसपासच्या शाळांवर देखरेख करणारी केंद्रप्रमुख होऊन रिटायर झाले, त्यामुळे दोन्हीकडची रड ऐकलेली आहे, आणि खरं सांगायचं तर दोन्हीकडून चुकाही केलेल्या आहेत. जी पत्रं निवडली ती थोडी कापून देतेय, नावं गाळलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही चाकणला राहतो, मुलगा दुसरीला, शाळा प्रायव्हेट इंग्लिश मीडियम. मी कंपनीत शिफ्टला जाते, मिस्टरपण. वर्गाचे दोन व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत, एक शाळेचा ज्यात फक्त टीचर मेसेज टाकतात आणि एक आयांचा ज्यात दिवसभर काही ना काही चालूच असतं. मागच्या आठवड्यात यलो डे होता, तो मेसेज वाढदिवसाच्या शुभेच्छांमध्ये कुठे गेला मला कळलंच नाही, आणि माझा मुलगा एकटा युनिफॉर्ममध्ये गेला. घरी येऊन काही बोलला नाही, जेवलाच नाही. पेरेंट्स मिटिंग शनिवारी असते, आमची सुट्टी गुरुवारी. मी वाईट आई आहे का?

उत्तर : नाही गं. पिवळा शर्ट राहिला म्हणून कोणी वाईट आई होत नाही, हे पहिलं डोक्यातून काढ. आणि खरं तर शाळेनेच विचार करायला हवा की एवढे रंगीबेरंगी डे ठेवायचे तर आदल्या रात्री मेसेज टाकून कसं चालेल, घरात पिवळा शर्ट नसला तर रात्री दहाला कुठल्या दुकानात जायचं.

पण मला तुझ्या पत्रात वेगळीच गोष्ट टोचली. तुला शाळेकडून रोज निरोप येतात. उद्या हे आणा, परवा ते भरा, अमुक तारखेला सुट्टी. एवढ्या सगळ्यात तुझ्या पोराबद्दल एक तरी वाक्य असतं का? ग्रुप म्हणजे नोटीस बोर्ड झालाय, पूर्वी भिंतीवर होता आता खिशात आला एवढाच फरक. निरोप आला म्हणजे खबर आली असं नसतं, आणि तुला हवी आहे ती खबर.

म्हणून दोन कामं कर. निरोपांसाठी त्या आयांच्या ग्रुपमधली एक बरी बाई धर, शेजारपाजारची असेल तर उत्तम, आणि रविवारी संध्याकाळी तिला फोन करून विचार की या आठवड्यात काय काय आहे, ते कालनिर्णयवर लिहून टाक. ग्रुप म्यूट कर बिनधास्त. दुसरं म्हणजे टीचरला सरळ सांग की माझी सुट्टी गुरुवारी असते, शाळा सुटल्यावर दहा मिनिटं मिळतील का. बहुतेक जणी हो म्हणतात, कारण शनिवारच्या मिटिंगला चाळीस पालकांची रांग लागलेली असते आणि त्यांनाही प्रत्येकाला तेच तेच सांगून कंटाळा आलेला असतो.

आणि त्या दहा मिनिटांत "कसा आहे अभ्यासात" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर ठरलेलं आहे, हुशार आहे पण मस्ती करतो. निम्म्या महाराष्ट्राची पोरं हुशार आहेत पण मस्ती करतात! तू विचार की तो डबा कोणाबरोबर खातो, काही अडलं तर हात वर करतो का गप्प बसतो, कुठल्या कामाला त्याला इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. ही उत्तरं टीचरला माहीत नसतील तर त्या बघायला लागतील, तेही बरंच आहे. घरी मुलालाही "आज काय केलं शाळेत" विचारलंस की "काही नाही" येणार. त्याऐवजी "आज कोण आलं नव्हतं?" विचारून बघ. मी हे माझ्या नातीवर वापरते, त्या एका प्रश्नातून कोण पडलं, कोण रडलं, बाईंनी कोणाला बाहेर उभं केलं सगळं बाहेर येतं.

अजून एक, तुझी शाळा प्रायव्हेट आहे म्हणून सांगते. आपल्याकडे २०११ चा फी नियमनाचा कायदा आहे, त्याप्रमाणे खासगी शाळेत पालक-शिक्षक संघ असावा लागतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायची असते, मुख्याध्यापकांच्या ओळखीच्या चार लोकांना घेऊन नाही. लोकांना वाटतं ती फक्त फीच्या भांडणासाठी आहे. पण तिथे बसलेला पालक मिटिंगची वेळ बदला, महिन्याचं वेळापत्रक एक तारखेला द्या हेही बोलू शकतो. तुझं नाव दे. शिफ्टवाल्या आया त्या टेबलावर नसतात म्हणून तर सगळ्या वेळा घरी असणाऱ्यांच्या सोयीने ठरतात.

प्रश्न : मुलीच्या टीचरना रात्री अकरा वाजता होमवर्कबद्दल मेसेज केला तर त्यांनी ब्लॉक केलं. हे बरोबर आहे का? एक पालक, ठाणे.

उत्तर : अकरा वाजता? माझ्या मते ब्लॉक करण्याऐवजी सकाळी उत्तर द्यायला हवं होतं, पण मी त्यांच्या जागी असते तर मनातल्या मनात दोन शब्द नक्की बोलले असते. सॉरी म्हणा आणि डायरीत लिहून पाठवत जा. डायरी अजून बंद झालेली नाही.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यात जि. प. शाळेवर आहे, नोकरीला दोन वर्षं झाली. द्विशिक्षकी शाळा, पट २७. पालक सभा लावली की चार-पाच जण येतात, त्यातले दोन सही करून निघून जातात. दसरा-दिवाळीनंतर अर्ध्याच्या वर पालक ऊसतोडीला जातात मग तर विषयच संपला. वरून सांगतात सभा घ्या, फोटो काढा, अपलोड करा. फोटोत तेच पाच चेहरे आहेत. मी तालुक्याहून अप-डाऊन करतो. मनापासून काम करायचं आहे पण या लोकांना शाळेबद्दल काही पडलेलीच नाही असं वाटायला लागलं आहे.

उत्तर : सर, शेवटचं वाक्य सोडून बाकी सगळं पत्र आवडलं. त्या वाक्यावर मात्र तुमच्याशी भांडणार आहे, आणि भांडायच्या आधी माझीच गोष्ट सांगते.

माझी पहिली शाळा माण तालुक्यातली, दुष्काळी भाग, मेंढपाळ वस्ती. मी नवीन, उत्साह दांडगा. पालक सभा लावली दुपारी तीनला, आठ-दहा माणसं आली, मला वाटलं वा काय काम केलं आपण. आणि मी काय केलं तर घटक चाचणीचे मार्क वाचून दाखवले, नावासकट, सगळ्यांसमोर. एका मुलीला गणितात पंचवीसपैकी तीन. तिचा बाप मागे भिंतीला टेकून बसला होता, मेंढरं दुसऱ्याच्या भरवशावर सोडून आला होता, तो काही बोलला नाही, उठला, टोपी नीट केली आणि गेला. ती मुलगी चौथी पास होऊन जाईपर्यंत तो माणूस पुन्हा शाळेच्या फाटकात आला नाही. मी स्टाफला सांगत फिरायचे की यांना पडलेलीच नाही. अगदी तुमचंच वाक्य.

आमचे मुख्याध्यापक जुने होते, ते एक दिवस म्हणाले, बाई तुम्ही त्याला शाळेत बोलावलंत आणि गावासमोर नापास केलंत, तो परत कशाला येईल. मला राग आला होता तेव्हा. पण नंतर मी एक शंभर पानी वही केली, प्रत्येक मुलाला दोन पानं, आणि त्यात मार्क सोडून बाकी काय दिसतं ते लिहायला लागले. त्या मुलीच्या पानावर लिहिलं होतं की हिला घरची मेंढरं न चुकता मोजता येतात, किती व्याली किती विकली सगळं तोंडी, पण कागदावर हातचा आला की अडते. हे मी तिच्या आईला पाणंदीत भेटून सांगितलं, डोक्यावर सरपण होतं तिच्या, ते खाली न ठेवता ती पाच मिनिटं उभी राहिली. म्हणाली, मग तुम्ही तिला मेंढरंच मोजायला लावा की. साधी गोष्ट, आणि ती शिक्षणशास्त्राच्या पुस्तकातून नाही तर त्या बाईकडून मला कळली. पोरगी चिंचोके घेऊन मेंढरं समजून बेरजा करायला लागली.

तर सर, सांगायचं काय, तुमच्याकडे ज्या पालकाबद्दल सांगण्यासारखं काहीच नाही त्याला सभेला बोलावू नका, आधी वही करा. २७ मुलं म्हणजे रोज दोघांबद्दल एकेक ओळ लिहिली तरी पंधरवड्यात सगळी होतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्यच लिहिलंय की पालकांच्या नियमित भेटी घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची. भेट शाळेतच व्हावी, फोटो निघालाच पाहिजे असं काही त्यात नाही.

वेळेचं बघा. दुपारी तीनची सभा म्हणजे ज्याची मजुरी बुडत नाही त्याच्यासाठीची सभा. महिन्यातून एकदा संध्याकाळी सातला मारुतीच्या पारावर बसा, त्या दिवशी मुक्कामाला राहा कोणाच्यातरी घरी, अप-डाऊनवाल्या मास्तराने एक रात्र गावात काढली तर गाव वर्षभर लक्षात ठेवतं. हो, मला माहितीये हे सांगणं सोपं आहे, तुमच्याही घरी लहान मूल असेल. महिन्यातून एकदा नाही जमलं तर सत्रातून दोनदा.

आयांना वेगळं बोलवा, पुरुषांच्या समोर त्या बोलत नाहीत. आपल्याकडे २०२२ पासून पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व तयारीचं 'पहिले पाऊल' चालू आहे, त्यात वस्तीवर पाच-सहा आयांचे गट करायचे होते. अनेक शाळांत ते मेळाव्याच्या दिवसापुरतेच राहिले. तुमच्याकडे ती यादी पडलेली असेल, काढा. वस्तीवर पाच-सहा जणी अंगणात बसल्या आणि तुम्ही सांगितलं की भाकरी करताना पीठ मोजायला पोराला घ्या, शेंगा फोडताना दहा-दहाचे ढीग लावायला सांगा, तर त्या करतात. घरी अभ्यास घ्या म्हटलं की गप्प होतात, कारण निम्म्या जणींना अक्षर येत नाही आणि ते त्या तुम्हाला सांगणार नाहीत.

संक्रांतीला शाळेत हळदीकुंकू ठेवतात बऱ्याच ठिकाणी, आया येतात म्हणून. मी पण ठेवायचे. एका वर्षी एक आई वर्गाच्या दाराबाहेर उभी राहून पोराची वही बघत होती, आत येईना, नवरा दोन वर्षांपूर्वी गेला होता तिचा. तेव्हापासून आमच्या शाळेत तिळगूळ मेळावा झाला, हळदीकुंकू बंद. नंतर २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला तेव्हा मला त्या दारातल्या बाईची आठवण आली. शाळेने कोणाला बोलावलं यापेक्षा कोण दारापर्यंत येऊन परत गेलं हे बघत जा.

आता ऊसतोडीचं. मूल टोळीबरोबर जाणार असेल तर जायच्या आधी शिक्षण हमी कार्ड त्याच्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे तिकडच्या कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत त्याला बसवून घेतील, आणि ते कार्ड आईला समजावून द्या, नुसतं दप्तरात कोंबू नका, फडावर पाऊस आला की आधी दप्तरच भिजतं. मूल गावात राहणार असेल तर हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव शाळा व्यवस्थापन समितीतर्फे वेळेत जायला हवा, दिवाळीनंतर धावपळ करून उपयोग नाही. आणि मग सहा महिने त्या मुलाचे पालक म्हणजे आजी. तुमच्या रजिस्टरला पालक म्हणून बापाचं नाव आणि बंद पडलेला नंबर आहे, आजीचं नाव कुठेच नाही. ते आधी लिहा.

टोळीत एका तरी माणसाकडे चालू फोन असतोच. रविवारी पोराला कविता म्हणायला लावून आवाजाचा मेसेज पाठवा. फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, रात्री तो मेसेज अख्खी टोळी ऐकते. मला एका मुकादमाने सांगितलं होतं की बाई, तो मेसेज पुन्हा पुन्हा लावून फोनची बॅटरी उतरली.

आणि फोटो अपलोड करायचेच आहेत तर करा, त्यात भांडत बसू नका, पण वही कोणाला दाखवू नका. ती एकदा का तपासणीला गेली की तिचंही रजिस्टर होईल.

प्रश्न : बाई, मी धुळे जिल्ह्यातली. मला शाळेच्या समितीची अध्यक्ष केलंय, का केलं माहीत नाही, सात वर्ग शिकलेय म्हणून असेल. एक वर्ष झालं, मिटिंग एकदाच झाली. बाकी रजिस्टर घरी येतं, शाळेतला मुलगा घेऊन येतो, सर म्हणतात सही करा. मी करते. नाही केली तर माझ्या पोराला शाळेत त्रास होईल अशी भीती वाटते. काय करावं?

उत्तर : तुमची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही, लहान गावात अशा गोष्टी होतात. पण थोडं थोडं करून बघता येतं.

आधी तुमची जागा कोणती ते समजून घ्या. ही शाळा व्यवस्थापन समिती सरांनी मेहेरबानी म्हणून केलेली नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ ने केलेली आहे. खासगी विनाअनुदानित सोडून सगळ्या शाळांना ती लागते, तीन चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या बायका. आपल्या राज्याच्या नियमांत महिन्याला बैठक सांगितलेली आहे. मुख्याध्यापक त्यात सचिव, अध्यक्ष तुम्ही. शाळेचा विकास आराखडा समितीने करायचा, पैसे कुठे गेले ते बघायचं, दुपारचा आहार बघायचा.

भांडायला जाऊ नका. पुढच्या वेळी रजिस्टर आलं की त्या पोराला सांगा, सरांना म्हणावं मी उद्या शाळेतच येऊन सही करते, मला तसंही त्या बाजूला यायचंय. एवढंच. शाळेत गेलात की सहीच्या आधी म्हणा, सर जरा वाचून दाखवा ना, माझं वाचन हळू आहे. हे वाक्य फार कामाचं आहे, त्यात कोणाचा अपमान नाही आणि सरांना ते वाचावंच लागतं. पहिल्या वेळी भराभर वाचतील. तिसऱ्या वेळेपर्यंत न झालेली बैठक लिहायला त्यांचाच हात अडखळेल.

एकट्या जाऊ नका, समितीतली अजून एक बाई सोबत घ्या. आणि सुरुवात पैशापासून करू नका, आहारापासून करा, तिथे कोणी अडवत नाही. खिचडी शिजली की मुलांना वाढायच्या आधी चव घेऊन त्याची नोंद ठेवायची असते, त्यासाठी रजिस्टर असतं. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. तुम्ही स्वयंपाक करणाऱ्या आहात, चाळीस पोरांना किती पातेलं लागतं ते तुम्हाला कागद न वाचता कळतं. आठवड्यातून एक दिवस एकेका आईने जायचं असं ठरवा. आया शाळेत दिसायला लागल्या की बाकीच्या गोष्टी आपोआप विचारल्या जातात, नळाला पाणी का नाही, मुलींच्या संडासाला कडी का नाही. मग अनुदानाचं विचारा. पटावर ठरतं ते, तीसपर्यंत पट असेल तर वर्षाला १० हजार, शंभरपर्यंत २५ हजार, असं कागदावर असतं, प्रत्यक्ष किती आलं आणि कडी-कोयंड्याला किती गेलं हे विचारायचा हक्क तुमच्या सहीमुळेच तुम्हाला आहे.

पोराला खरंच त्रास दिला तर मला परत लिहा, आणि केंद्रप्रमुखांना भेटा. मुलाला मारणं किंवा मानसिक त्रास देणं त्याच कायद्याच्या कलम १७ ने बंद आहे.

प्रश्न : मी रत्नागिरीकडचा, वय ६८. मुलगा-सून मुंबईला कामाला, नातू तिसरीला, इकडे आमच्याजवळ. पुस्तकात ते चौकोनी कोड असतात ते मोबाईलवर बघा म्हणतात, माझा मोबाईल साधा. शाळेत विचारायला गेलो तर गुरुजी म्हणाले, त्याच्या वडिलांना फोन करतो. मग मी कोण?

उत्तर : आजोबा, तुम्ही पालक. मी नाही म्हणत, कायदाच म्हणतो, मूल ज्याच्या सांभाळात आणि ताब्यात आहे तो पालक. शाळेच्या समितीवरही तुम्ही येऊ शकता. गुरुजी बहुधा वाईट हेतूने बोलले नसतील, फॉर्मवर ज्याचा नंबर त्याला फोन करायचा ही सवय झालेली असते. त्यांना म्हणा माझा नंबर पहिला लिहा आणि बाबाचा खाली लिहा.

कोडचं टेन्शन घेऊ नका. त्यात व्हिडीओ वगैरे असतात, चांगले असतात, पण त्याच्यावाचून तिसरीचं काही अडत नाही. मुलगा मुंबईहून रात्री व्हिडीओ कॉल शेजारच्या कोणाच्यातरी फोनवर करत असेल ना, त्या शेजाऱ्याला आठवड्यातून एकदा दाखवायला सांगा. तुम्ही फक्त रोज संध्याकाळी दिवेलागणीनंतर नातवाला समोर बसवून मोठ्याने वाचायला लावा, चष्मा सापडत नाही म्हणायचं आणि त्याच्याकडून वाचून घ्यायचं, बाजारची यादी, लाइट बिल, पंचांग, काहीही. तो अडला की लगेच सांगू नका, अक्षर लावू दे. कुठे अडतो ते लक्षात ठेवा, जोडाक्षराला का काना-मात्रेला, आणि शाळेत गेलात की गुरुजींना तेवढंच सांगा. बघा मग ते तुमच्याशी कसे बोलतात, कारण ही माहिती मुंबईच्या नंबरवर मिळत नाही.

आणि तुमच्या पत्रात शेवटी भाताच्या जातींबद्दल जे लिहिलंय ते इथे कापलं, पण गुरुजींना ते सांगा, परिसर अभ्यासाच्या तासाला वर्गात येऊन सांगू का असं विचारा. लावणीच्या दिवसात पोरं आपणच बांधावर येतील.

गणपतीला मुलगा-सून येतील तेव्हा शाळेला सुट्टी असणार, त्यामुळे भेट शिमग्यालाच जमेल. दोन दिवस आधी गुरुजींना सांगून ठेवा. जाताना तिघंही जा. दोघांना पुढे घालून तुम्ही बाहेर चपलांजवळ थांबू नका.